दगडाच्या रंगाचा मनोरा

मुलांनो, डोळे मिटा आणि समजा, की तुमचं घर कोर्टातच आहे. तळमजल्यावर मागच्या बाजूला तुमचं स्वयंपाकघर, वर न्यायाधीशांचं दालन, त्याच्यावर तुरुंग आणि सगळ्यांच्या डोक्यावर घड्याळाचा मनोरा. कॅन्ससमधल्या थिआचं घर असंच होतं. तिचे वडील काउंटीचे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे, शेरीफ; कैदी त्यांच्याच ताब्यात असायचे. कैद्यांचं जेवण तिची आई रांधायची आणि थिआ ते वर नेऊन द्यायची.

काउंटीचं पहिलं कोर्ट लाकडी होतं. कोर्ट कुठल्या गावात असावं या भांडणात ते शेजारच्या गावाने जाळलं. दुसरं विटांचं, तेही आतून जळून गेलं. मग लोकांनी हट्टाने खाणीतला पिवळा दगड आणून हातभर जाडीच्या भिंती बांधल्या. मनोऱ्यापर्यंत येता येता पैसे संपले. तेव्हा तो लाकडाचाच केला, वर पत्रा ठोकला आणि पत्र्याला हुबेहूब दगडाचा रंग दिला. पुढे लोक ते विसरूनही गेले.

एका शुक्रवारी दुपारी त्या मनोऱ्यावर वीज पडली.

"दगडाला काय होतंय?" चौकातला न्हावी म्हणाला. "दाढीला बसा."

पत्र्याखालून ज्वाळा निघाल्या तेव्हा धावपळ सुरू झाली. पण हातपंपाचं पाणी तिथवर चढेना.

तुरुंगात एकटा ऑर्विल होता. दारूच्या नशेत पाद्रीबुवांचं खेचर पळवलं म्हणून आत आलेला. किल्ली शेरीफच्या कमरेला आणि शेरीफ दूर कुठल्या शेतावर. थिआ आणि आई वर धावल्या. आईने कुऱ्हाडीने कोठडीच्या कुलपावर घाव घातले. धार बोथट झाली, कुलूप जागचं हललं नाही.

"पुरे, वहिनी," ऑर्विल खोकत म्हणाला. "पोरीला घेऊन खाली जा. तुमच्या घेवड्यात मीठ कमी असतं, तेवढं सांगायचं राहिलं होतं."

आईला रडू फुटलं. थिआ मात्र कोठडीच्या कोपऱ्याकडे बघत होती. घड्याळ चालवणारी वजनं ज्यातून हळूहळू तळघरापर्यंत उतरायची, ती फळ्यांची पोकळ पेटी तिथूनच खाली गेली होती. घड्याळाला चावी दर शनिवारी द्यायचे, तेव्हा ती परत वर जायची. म्हणजे आज शुक्रवारी वजनं तळाला असणार आणि पेटी मोकळी.

"काका, त्या फळ्या फोडा. आत उतरायला दांडे ठोकलेत." दारातल्या जेवणाचं ताट द्यायच्या फटीतून तिने कुऱ्हाड आत सरकवली.

फळ्या फुटल्या. ऑर्विलने आत डोकावलं आणि मागे सरला.

"नुसता काळोख आहे, पोरी. दांडे कुजलेत की धड आहेत, तेही दिसत नाही." छतातून ठिणग्या गळू लागल्या, तसा तो खाली बसला. "मला नाही जमायचं."

आईने त्याला शपथा घातल्या. तो मान हलवत राहिला.

थिआ जिना उतरत धावली. बाहेरच्या दारापाशी लोकांनी हात पुढे केले, तिने ते चुकवले. तळघरात जाऊन तिने कंदील पेटवला आणि पेटीच्या झडपेतून वाकून आत शिरली. वरून जळके तुकडे पडत होते. वजनांना टेकून ती उभी राहिली, कंदील उंच धरला आणि वर तोंड करून म्हणाली,

"काका, आता दिसतंय ना? या. तुम्ही उतरल्याशिवाय मी इथून हलणार नाही."