धरलेलं हाड

चिकपेटेमागच्या गरडीत, म्हणजे आपल्या तालमीत, मानसिंग वस्तादांनी हरीचा उजवा हात मोडला. चुकून नव्हे, मुद्दाम! सत्तावन्न सालची गोष्ट. हरी कापडाचे गठ्ठे वाहणारा हमाल, वस्तादांचाच पठ्ठ्या. त्या सकाळी त्याने गुरूलाच चितपट केलं आणि वर दात काढून म्हणाला, "स्वल्प म्हातारे झालात, अण्णा!" पोरं फिदीफिदी हसली. झालं! वस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हरी पाठ फिरवून निघाला होता. त्यांनी मागून त्याचं मनगट धरलं, पिरगाळलं आणि हात गुडघ्यावर आपटला. कट्‌कन आवाज झाला.

आता पंचाईत अशी, की अख्ख्या पेटेत हाड बसवणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे हेच महाशय! हरीची आई यल्लव्वा ऊर बडवत आली. "तुम्ही मोडलात, तुम्हीच बसवा. हात वाकडा राहिला तर आम्ही खायचं काय?"

मानसिंगांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांची बायको सकवारबाई बांबूच्या कामट्या आणि अंड्यात कालवलेलं उडदाचं पीठ घेऊन आली. मानसिंगांनी हात ताणला, हाडाची टोकं जुळवली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. हरी गुरासारखा ओरडला आणि डाव्या मुठीने त्याने वस्तादांच्या तोंडावर दणका दिला.

ओठ फाटला. दुसरा ठोसा नाकावर बसला, रक्ताची धार लागली. "भेकडा! पाठमोऱ्या माणसावर हात टाकतोस?"

मानसिंगांचे कान तापले. जन्मात कुणाचा ठोसा त्यांनी उसना ठेवला नव्हता. पण हात सोडला की हाड सरकणार आणि पोरगा कायमचा लुळा होणार. पोरं हरीला आवरायला धावली.

"कुणी मधे पडायचं नाही!" वस्ताद रक्त थुंकत ओरडले. "मारू दे त्याला. अगं, तू बांध."

सकवारबाई लेप लावून पट्टी गुंडाळू लागली. हे काम घाईचं नाही. हरी मारत राहिला, डोळ्यावर, कानशिलावर, आणि मारता मारता रडायला लागला. शेवटची गाठ बसली. हाड जागेवर होतं.

"चुकलो रे पोरा," म्हणत मानसिंगांनी त्याचे डोळे पुसायला हात उचलला.

हरी दचकून आईमागे लपला.

इतके ठोसे खाऊन वस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता मात्र त्यांना रडू आवरेना.