निळ्या काठाचा कप

दर सहा महिन्यांनी दवाखान्यातली समुपदेशक बाई माझ्यापुढे एक फॉर्म सरकवते. झोप लागते का, काम झेपतं का, आनंद एक ते पाचात किती. मी शिवणकाम करते. लोकांची मापं घेण्यात आयुष्य गेलं, पण आनंद मोजायला टेप कुठून आणू? तरी चार लिहिते. एचआयव्ही आहे हे कळून अकरा वर्षं झाली. रोजची गोळी चुकवत नाही आणि तब्येत माझ्या थोरल्या भावापेक्षा ठणठणीत आहे. गाडी अडते ती चौदाव्या प्रश्नाशी: घरात तुम्हाला वेगळं वागवतात का? तिथे दर वेळी 'नाही' लिहिते, आणि दर वेळी खोटं लिहिते.

खोटं एका कपापुरतंच. वहिनीने पहिल्याच वर्षी माझा निळ्या काठाचा कप वेगळ्या खिळ्याला टांगला. कपातून काही होत नाही, हे नर्सने तिला दोनदा समजावलं. तिने दोनदा मान डोलावली आणि कप तिथेच ठेवला. बाई वाईट नाही. माझं डोकं दुखलं की चेपून देते, माझ्याशी मनसोक्त भांडते. पण तो खिळा मला अकरा वर्षं टोचतोय.

गंमत म्हणजे वहिनीच्या हातात कप टिकत नाहीत. चार संच फुटले. माझा तेवढा शाबूत, कारण त्याला तिचा हातच लागत नाही.

परवा भावाचे साहेब बायकोला आणि आईला घेऊन न सांगता टपकले. भावासकट चार माणसं, धड कप तीन. वहिनीने इकडेतिकडे पाहिलं, माझा कप काढला आणि त्यात चहा ओतला.

"हा कुणाला?" मी विचारलं.

"साहेबांच्या आईला. काही होत नाही म्हणून नर्सने सांगितलंय ना?"

"सांगितलंय की. म्हातारीला चालतो, तुलाच तेवढा चालत नाही."

मी हसतच म्हणाले. बाहेर भाऊ खाकरला. मग वहिनीने माझा कप बाजूला ठेवला, भावाचा चहा स्टीलच्या पेल्यात ओतला, ट्रे माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तू ने."

परत आले तर ती ओट्याशी उभी राहून माझ्या कपातून चहा पीत होती, डोळे मिटून, एरंडेल घ्यावं तशी.

"साखर कमी पडली," ती म्हणाली.

"तूच घातलीस."

मग तिने कप विसळायला घेतला आणि व्हायचं तेच झालं. दोन तुकडे. मी खाली बसून आधी हसले, मग रडले.

"अगं, कपासाठी काय रडतेस? नवा आणते तुला," वहिनी घाबरून म्हणाली.

"मला नको. सगळ्यांना आण. सहाचा संच."

आज फॉर्म भरला. चौदाव्या प्रश्नापुढे 'नाही' पाहून समुपदेशक बाई म्हणाली, "नेहमीचंच उत्तर."

"हो, नेहमीचंच," मी म्हटलं, आणि आनंदापुढचे चार खोडून पाच केले.