औदुंबराखाली दिवा नको

“मोहोळ उतरेपर्यंत झाडाखाली दिवा नको, वहिनी. काळोखात उजेड दिसला की माश्या त्याच्या अंगावर येतात. उदबत्तीसुद्धा नको. तेवढं एक ध्यानात ठेवा.”

मुझम्मिलचं हे बोलणं मृणालीच्या कानातून काही केल्या जात नव्हतं. घरात सुतक होतं. सासूबाई, सोनूबाई, जिथे शेवटचं निजवल्या होत्या तिथे पिठावर दिवा तेवत होता. त्याच्याशेजारी मृणाली बसली होती. तिचा एक डोळा अजून पुरता उघडत नव्हता आणि हातांची सूज नुकती कुठे उतरायला लागली होती.

मुझम्मिल रेवदंड्यात रिक्षा चालवायचा. कुणाच्या वाडीत, कुणाच्या गच्चीखाली मोहोळ बसलं की लोक त्यालाच बोलवायचे. यांच्या इमारतीच्या अंगणातल्या औदुंबरावर आग्या मोहोळ बसलं तेव्हाही तोच आला. मान वर करून त्याने बराच वेळ ते सुपाएवढं काळं पोळं न्याहाळलं आणि म्हणाला, अमावास्येपर्यंत थांबा. चांदण्यात या माश्यांना माणूस दिसतो. पुऱ्या काळोखात खालून नारळाच्या ओल्या सोडणांचा, सालांचा धूर द्यायचा, माश्या उठून गेल्या की रिकामं पोळं कापायचं आणि फांदी राखेने घासून काढायची, म्हणजे त्या पुन्हा तिथे येत नाहीत. कोणी मरत नाही, ना माश्या, ना माणसं.

पुरुष मंडळींना हे सांगून झाल्यावर तो मुद्दाम जिना चढून मृणालीला सांगायला आला होता, कारण औदुंबराखालच्या पादुकांपुढे रोज दिवा लावायची ती मृणाली. न्हावा शेवाच्या बंदरात कंटेनरखाली कुलदीपचा पाय सापडला होता, तेव्हा तो चालत घरी येऊ दे म्हणून तिने हा नेम बोलला होता. कुलदीप लंगडत का होईना, चालत आला. तेव्हापासून पाऊस असो, ताप असो, दिवा चुकला नव्हता. मुझम्मिलचं ऐकून तिने पादुकांना हात जोडले, तुमच्या नावाचा दिवा काही दिवस घरातच लावते म्हणाली, आणि तसा लावू लागली.

सोनूबाई तेव्हा श्रीवर्धनला लेकीकडे गेल्या होत्या.

त्या परत आल्या त्या दिवशी दुपारीच एका घारीने मोहोळावर झडप घातली होती. संध्याकाळपर्यंत माश्यांची घरघर वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येत होती. आणि नेमकी त्याच दिवशी मृणाली बाजूला बसली होती. मागच्या गॅलरीत चटई, वेगळा तांब्या. असं असलं की दिवा सोनूबाई लावत. त्यासाठी दोघींमध्ये कधी शब्द लागला नव्हता. सून चटईवर दिसली की सासू हातपाय धुऊन निरांजन घ्यायची, एवढंच.

त्या संध्याकाळी कुलदीप सुट्टीवर घरी होता आणि सोसायटीचा सेक्रेटरी विनेश पुढच्या खोलीत येऊन बसला होता; दोघं गप्पांत गढले होते. मृणालीला सासूच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या. मग दाराची कडी वाजली. सासू दिवा घेऊन खाली निघाली, हे तिला त्याच क्षणी कळलं. ती उठली, गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत आली, आणि तिथेच थबकली. पुढच्या खोलीत परका पुरुष, समोर देव्हारा. आपण अशा. हाक मारली तर विनेश विचारणार, वहिनी आत का, दिवा आज आई का नेताहेत? पदराचं टोक बोटांत गुंडाळत ती उभी राहिली. मग तिला वाटलं, जाऊ दे सगळं, ओरडावं. तेवढ्यात खालूनच किंकाळी आली.

सोनूबाईंना पळता येत नव्हतं. डोक्यावरून पदर घेऊन त्या पादुकांपाशीच बसल्या होत्या. मृणाली भिजवलेली चादर घेऊन धावली तोवर पदराचा रंग दिसेनासा झाला होता.

अलिबागच्या दवाखान्यात मुझम्मिलनेच त्यांना रिक्षातून नेलं. रिक्षात सोनूबाईंचं डोकं मृणालीच्या मांडीवर होतं.

“त्यांना जालू देव नको,” त्या म्हणाल्या. जीभ सुजल्यामुळे शब्द जड येत होते. “आमच्या गावात जाललेलं मोहोल. मशाल लावली नि सगला गाव पलाला. गुरं दावणीला बांधलेली, ती कशी पलतील? सगली मेली. मी लहान व्हते, पन तो हंबरडा मला अजून येतो कानात. जालू देव नको, बाय. शब्द दे.”

“दिला, आई.”

“त्यांचा दोस न्हाय. मीच उजेड नेला ना त्यांच्या दाराशी.”

सकाळ उजाडायच्या आत त्या गेल्या.

आता अमावास्या आली होती, आणि विनेशने उद्या सकाळी फवारणीवाला माणूस ठरवला होता. लांब नळीने विष मारायचं, उरलेलं डिझेलच्या बोळ्याने पेटवायचं. तळमजल्यावरच्या बालवाडीला एक दिवस सुट्टी द्यायची म्हणे. पहिल्या मजल्यावर नूतनची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिच्या खोलीच्या खिडकीची काच फुटकी होती. त्याचा विचार कुणी केलेला दिसत नव्हता. माश्या सगळ्या एकदम थोड्याच मरणार होत्या? ज्या उडतील त्या कुठे जातील, असं मृणाली मनाशी म्हणायची, आणि तिला दावणीची गुरं दिसायची.

दुपारी मुझम्मिल समाचाराला आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“सोनूखाला गेल्या,” तो म्हणाला. “मी सगळ्यांना सांगितलं, वहिनी, पण त्या गावाला होत्या. परत आल्यावर पुन्हा सांगून जायला हवं होतं मी.”

“आज अमावास्या आहे,” मृणाली हळूच म्हणाली.

त्याने मान खाली घातली. “तुमची इमारत आता मला उभं करणार नाही. विनेशभाऊ खालीच भेटले. म्हणाले, आला का मधाचा वाटा न्यायला.”

“लोक बोलतात, मुझम्मिलभाऊ.”

“बोलू द्यात. पण मी झाडावर असताना एका घराने दिवा लावला तर सगळ्या माझ्यावर येतील. घरी लहान पोर आहे माझं. सगळ्या इमारतीत काळोख पाहिजे. मोबाइलसुद्धा नको. तो कोण करून देणार?”

“मी करून देते.”

तो तिच्या सुजलेल्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “सांजेला मगरिबची नमाज झाली की सोडणं घेऊन येतो. एका जरी खिडकीत उजेड दिसला तर मागच्या मागे परत जाईन. राग मानू नका.”

तो गेला. कुलदीप दिव्याच्या पलीकडे भिंतीला टेकून बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

“काही गरज नाही,” तो म्हणाला. “उद्या पेटवू देत. मी स्वतः धरतो बोळा. माझ्या आईला मारलं त्यांनी.”

“मी त्यांना शब्द दिलाय.”

“ती शुद्धीत नव्हती. आणि तू सुतकात लोकांच्या दारात जाणार? कोण उभं करील तुला?”

मृणालीने दिव्यात तेल घातलं. वात जराशी पुढे सारली. ती बोलली तेव्हा आवाज इतका बारीक होता की कुलदीपला पुढे वाकावं लागलं.

“आई दिवा घेऊन निघाल्या तेव्हा कडी वाजली. मी ऐकली होती.”

“म्हणजे?”

“मुझम्मिलभाऊंनी काय सांगितलंय ते मला ठाऊक होतं. आईंना नव्हतं. मी उंबऱ्यापर्यंत आले. विनेशभाऊ बसले होते, म्हणून हाक मारली नाही. लाजले. तुमच्या आईला माश्यांनी मारलं असं कुणाला सांगू नका. निदान माझ्यासमोर तरी.”

कुलदीपचा हात वर गेला. तो तिला मारील असं क्षणभर वाटलं, आणि तिनेही मान हलवली नाही. हात तसाच खाली आला. तो उठला, लंगडत खिडकीपाशी गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

उन्हं उतरली. मृणालीने सोनूबाईंची गोधडी काढली, जुन्या लुगड्यांची, त्यांनीच टाके घातलेली. पिठावरचा दिवा विझवायचा नव्हता. तो विझला तर जाणाऱ्या जिवाला वाट दिसत नाही असं याच सोनूबाईंनी तिला शिकवलं होतं. आणि उजेड तर बाहेर जाता कामा नये. ती स्टुलावर चढून गोधडी खिडकीला लावू लागली. सुजलेल्या बोटांत खिळा धरवत नव्हता. दोनदा पडला. कुलदीपने तो उचलून तिच्या हातात दिला, तिच्या तोंडाकडे न बघता. गोधडीच्या फटी त्याने कागदाचे बोळे कोंबून बुजवल्या.

“दाराच्या फटीतूनही दिसेल उजेड,” ती म्हणाली.

“मी बसतो दाराला पाठ लावून.” थोडं थांबून तो म्हणाला, “दिवा मी बघतो.”

तिने तोंड धुतलं, पदर डोक्यावरून घेतला. कोणत्या दारापासून सुरुवात करायची ते ठरलेलंच होतं. विनेशचं. तो हसेल, सुतकाचं काढील, दार लावून घेईल. मग ती बाहेर उभी राहील, त्याच्या घरातला दिवा जाईपर्यंत. त्यानंतर नूतनचं दार, मग वरची दारं, एकेक. कुणाच्याही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. आणि या वेळी, कोणी का बसलेलं असेना, बोलायचं.

झाडावरची घरघर आता मंद झाली होती. समुद्राकडून वारा सुटला होता.

तिने दाराची कडी काढली. ती तशीच वाजली. मृणाली क्षणभर तिला हात लावून थांबली, मग दार ओढून घेऊन विनेशच्या घराकडे निघाली.