साहेबांची आंघोळ

"आई, साहेब पुन्हा चढले!" चिमी ओरडली.

चिमीची आई हातातलं काम टाकून धावली. कासव टबाच्या भिंतीला पुढचे पाय लावून उभं होतं, नखांनी प्लास्टिक खरवडत होतं. बघता बघता ते पाठीवर उलटलं. तिने त्याला झटक्यात सुलटं केलं आणि टबातलं निम्मं पाणी स्वतःच्या अंगावर घेतलं.

आतल्या खोलीतून आवाज आला, "झालं."

बाबांकडे, तिच्या सासऱ्यांकडे, आता तेवढा एकच शब्द उरला होता. मेंदूतली रक्ताची गाठ त्यांची उजवी बाजू आणि बाकीची सगळी भाषा घेऊन गेली होती. भूक लागली की "झालं". पंखा हवा असला की "झालं". नात दिसली तरी "झालं". आपलं आता संपलं, असं तर म्हणत नसतील? तिच्या मनात दर वेळी नको ती शंका यायची.

बाबा जन्मभर एका ऑफिसात शिपाई. केबिनबाहेर स्टूल, घंटी वाजली की पाणी. शेवटच्या साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी घरचं कासव बाबांच्या गळ्यात मारलं. बाबांनी त्याचंच नाव साहेब ठेवलं. "काम असल्याशिवाय मान बाहेर काढत नाही, दुसरं काय म्हणू?" रोज सकाळी मागच्या ओट्यावर दार ओढून घेऊन ते त्याला आंघोळ घालायचे. "साहेबांना गर्दी चालत नाही," असं म्हणायचे. त्यामुळे ते नेमकं काय करतात हे घरात कुणीच पाहिलं नव्हतं.

बाबा दवाखान्यातून घरी येईपर्यंत साहेबांनी खाणं सोडलं होतं. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "रोज कोमट पाण्यात बसवा. शांत बसलं तर पाणी पिईल, पाणी प्यालं तर खाईल. नाहीच जमलं तर रविवारी माझ्याकडे आणून द्या. मी सांभाळीन."

"देऊन टाकू," नवरा म्हणाला. "मला एकाचीच आंघोळ निस्तरताना नाकी नऊ येतात."

"हळू बोल. ऐकू जातं त्यांना."

"ऐकू जाऊ दे. काल तांब्या भिरकावला माझ्यावर."

साहेब तिच्या डोक्यातून जाईनात. पाणी कढत असेल? तिने चिमीसाठी बघायची तसं कोपर बुडवून पाहिलं. जास्त असेल? कमी केलं. साहेब भिंत चढतच राहिले. शेवटी तिने बाबांची चाकाची खुर्चीच ओट्यावर आणली.

बाबांनी टब पाहिला. काचेसारखा स्वच्छ, तिने मुद्दाम नवा आणलेला. त्यांनी डाव्या पायाने तो जोरात ढकलला. "झालं!" आणि बोट कोपऱ्याकडे. तिथे पोचे पडलेलं काळं घमेलं होतं, जे ती जंतूंच्या धास्तीने भंगारात देणार होती.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आरपार दिसणारी भिंत! बिचाऱ्याला समोर वाट दिसत होती आणि जाता येत नव्हतं.

तिने घमेल्यात पाणी घेतलं. बाबांनी वाकून डावा हात आत घातला आणि तळवा साहेबांच्या पुढच्या पायांखाली धरला. पाय टेकले. बाबा अगदी खालच्या आवाजात म्हणू लागले, "झालं... झालं... झालं हं."

हं! तिने चमकून पाहिलं. हा शेवटाचा शब्द नव्हताच. चिमीच्या डोळ्यांत साबण गेला की ती स्वतः तरी दुसरं काय म्हणायची?

साहेबांची सुरकुतलेली मान हळूहळू बाहेर आली, लांब झाली. नाक पाण्यात बुडलं आणि गळा हलू लागला.

पण तिचं कुतूहल भागेना. यातलं नेमकं लागू पडलं ते काय? दुसऱ्या दिवशी तिने स्वतः आंघोळ घातली, पायांखाली हात दिला नाही, साहेब चुळबुळले. मग हात दिला, पण तोंडातून शब्द काढला नाही. साहेब बसून राहिले. म्हणजे शब्द उगाचच? तेवढ्यात दुधाची आठवण झाली, तिने पाणी भराभर ओतलं, आणि मान आत. ती "झालं हं, झालं" म्हणू लागली, तसा तिचा हात आपोआप सावकाश झाला. शब्द कासवासाठी नव्हता. तो हातासाठी होता.

रविवारी सकाळी ती ओट्यावरच होती. दाराशी साहेबांना न्यायचा खोका नवऱ्याने काढून ठेवला होता. न्हाणीघरात नवरा बाबांना आंघोळ घालत होता. तांब्या आदळला.

"झालं! झालं!" बाबा ओरडत होते.

"कुठे झालं, बाबा? अजून पाठ राहिलीय!"

ती दारापाशी गेली, घडी केलेला टॉवेल फटीतून आत सरकवला.

"हा त्यांच्या पायांखाली घाल. सरकत असतील पाय. आणि तूही म्हण."

"काय म्हणू?"

"झालं म्हण. त्यांच्यासारखं. 'हं' लावून."

"वेडी आहेस का तू?"

"म्हणून तर बघ!"

आतून नवऱ्याचा अवघडल्यासारखा आवाज आला, "झालं, बाबा... झालं हं." पाणी बारीक धारेने पडू लागलं. बाबांचं ओरडणं थांबलं होतं.

ती परत घमेल्यापाशी आली. साहेब पालकाचं पान ओढत होते. चिमीने दाराशी ठेवलेल्या खोक्यात बाहुलीला निजवून वर रुमाल घातला होता.

न्हाणीघराचं दार उघडलं. बाबा खुर्चीत बसले होते, पांढरे केस कपाळाला चिकटलेले, डोळे मिटलेले. मुलाला गळ्याखालचं पाणी टिपता यावं म्हणून त्यांनी आपली मान सावकाश वर केली होती.