तीन पाऊण सव्वादोन

मी एडनहून आलेलं गजराचं घड्याळ बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतो, पण त्याला इलाज नाही. डोक्यावर दोन घंटा घेऊन जन्मलेल्यानं हळू बोलायचं कसं?

जन्म विलायतेतल्या कारखान्यातला, पण मी कळता झालो तो एडनच्या बाजारात. तिथं धर्माजीनं मला विकत घेतलं. धर्माजी धरमतरच्या खाडीकाठचा आगरी, बापजाद्यांपासून मीठ पिकवणारा. देश स्वतंत्र झाला, त्याच्या पुढच्या वर्षी तो एडनच्या मिठागरावर कामाला गेला. तिथं पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे मीठ बारा महिने. समुद्राचं पाणी पवनचक्क्या उपसत आणि माणसांना भोंगा हाकत असे. भोंगा वाजला की काम, भोंगा वाजला की जेवण. तो चुकू नये म्हणून धर्माजी मला उशाशी घेऊन झोपायचा. नऊ वर्षांत त्याला एकदाही उशीर झाला नाही. याचं श्रेय मी कुणाला वाटून देणार नाही.

सत्तावन्नच्या दिवाळीनंतर आम्ही घरी परतलो. बोटीवर आदळून माझा एक पाय वाकला. तेव्हापासून मी थोडा कलून उभा असतो.

घर तेच होतं, पण नऊ वर्षांत त्याला धर्माजीवाचून चालायची सवय लागली होती. बायको, सोनूबाई, त्याला पाट मांडून आधी वाढायची आणि दूर उभी राहायची, जसा काही पाहुणाच आलाय. एडनला पाणी मोजून मिळे, म्हणून हा भरल्या विहिरीपाशी दोन तांब्यांत आंघोळ उरकायचा. भूक लागली तरी आधी माझं तोंड बघायचा. एकदा मिठागरावर पाणी प्यायला जाताना त्यानं थोरल्या भावाला, कोंडाजीला, मुकादमाला विचारावं तसं विचारलं, "दादा, जाऊ का?" टोपल्या वाहणाऱ्या बायका खो खो हसल्या. त्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. अजून माझीच सत्ता चालू होती ना!

त्यातच एडनच्या मुकादमाचं पत्र आलं. जागा रिकामी आहे, यायचं तर महिनाअखेरपर्यंत कळव. धर्माजीनं ते घडी करून टोपीत ठेवलं. त्या दिवशी सोनूबाईच्या दोन भाकऱ्या करपल्या.

आमच्या मिठागराला खाडीच्या तोंडाशी लाकडी दार आहे. उधाणाच्या दिवसांत फळी उचलून खाडीचं पाणी साठ्यात, म्हणजे बांध घातलेल्या तळ्यात, घ्यायचं आणि भरती पुरी झाली की फळी खाली सोडायची. पुढच्या पंधरा दिवसांचं मीठ त्या साठ्यावर. धर्माजी नव्हता तेव्हा हे दार सोनूबाईनं सांभाळलं. आता घरचा पुरुष आला म्हणून कोंडाजीनं ते त्याच्याकडे दिलं. सोनूबाई टोपली उचलून गेली.

माघातल्या अमावास्येला कोंडाजीनं त्याला सगळं करून दाखवलं. सकाळी नऊला फळी वर, दुपारी बाराला खाली. साठा काठोकाठ भरला. मग कोंडाजी तीन दिवसांसाठी पेणला सोयऱ्यांकडे गेला.

धर्माजीनं मला दाराजवळच्या खोपीत फळकुटावर मांडलं. नऊ आणि बारा! एवढं सोपं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं. नऊ वाजले की तो दार उघडून लांबच्या वाफ्यात मीठ ओढायला जाई. बाराला मी खणखणलो की येऊन दार लावी. दोन दिवस साठा थोडा थोडा उतरला. उन्हानं आटत असेल, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी बाराला सोनूबाई भाकरी घेऊन आली आणि बांधावरच थबकली. साठ्याच्या तळाचा चिखल दिसत होता.

"आवो, पानी कुठं गेलं?"

नुकतीच फळी सोडलेल्या धर्माजीनं वळून पाहिलं. भरती रोज पाऊण तास पुढं सरकते, हे त्याचं रक्त विसरलं होतं. आज नऊला खाडी तळाशी होती. दार उघडताच साठाच खाडीत पळाला. आणि मी? मी शिस्तीत टिकटिक करत बसलो होतो. त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली.

"मी एडनलाच बरा व्हतो," तो म्हणाला. "तिथं माज्या हातनं कदी चूक न्हाय झाली."

"चूक व्हायला तिथं तुमचं व्हतं काय?" सोनूबाई ताडकन म्हणाली. मग बोटांवर मोजू लागली. "अवसेला भरती बाराला. आज तीज. तीन पाऊण सव्वादोन. तुमचं घड्याल काय बोलतं?"

"बारा वाजून दहा."

"मंग दोन घंटे भरती बाकी हाय. फली उचला!"

दोघांनी मिळून फळी उचलली. थोड्या वेळानं खाडीचं पाणी चिखलावरून सरसरत आत आलं. मग बांधावर बसून त्यांनी सुकट-भाकरी खाल्ली. किती वाजले, हे धर्माजीनं एकदाही पाहिलं नाही.

"हे तू कुठं शिकलीस?"

"दादांनी शिकवलं. पैल्या वरसाला मीबी साठा रिकामा केलता. चार दिवस रडले."

"मला कुनी लिवलं न्हाय."

"तुमी तिथनं काय केलं असतं?"

दाराच्या तोंडाशी वाहत आलेली एक गवताची काडी हळूहळू थांबली. ना आत, ना बाहेर. सोनूबाई म्हणाली, "आता." माझा काटा सव्वादोनावर होता. शाळेत न गेलेली बाई आणि विलायतेचा मी, दोघांचं एकमत झालं! अख्ख्या आयुष्यात मला एवढा आनंद झाला नव्हता. साठा भरला नाही, पण निम्म्याच्या वर आला. उद्या चौथ, चार पाऊण तीन.

कोंडाजी परतला तेव्हा धर्माजीनं सगळं सांगितलं. "दादा, दार सोनूकडंच ऱ्हाऊंदे. मी तिच्या हाताखाली शिकतो."

कोंडाजीनं साठ्याच्या काठाशी जाऊन पाणी पाहिलं. "शिक," तो म्हणाला. "पर ते कोंबडं बाराला आरवायचं पयलं बंद कर."

महिनाअखेरीला धर्माजीनं टोपीतलं पत्र काढलं. मला वाटलं, आता उत्तर लिहील. त्यानं ते आणखी दोनदा दुमडलं आणि माझ्या वाकड्या पायाखाली सारलं. मी बोटीनंतर पहिल्यांदा सरळ उभा राहिलो.

याला आता आठ वर्षं झाली. खाऱ्या वाऱ्यानं माझ्या घंटा गंजल्या, आवाज बसला. रोज दहा मिनिटं मागं पडतो. दारातली काडी थांबली की सोनूबाई तिथीचा हिशेब करून माझे काटे पुढं सारते, मला चावी देते आणि धर्माजीला हाक मारते. तो आता विहिरीवर घागरी उपसून आंघोळ करतो, भूक लागली की जेवायला मागतो.

माझं एकच मागणं आहे. उद्या मी बंद पडलो तर खुशाल मोडीत घाला, पोरांना खेळायला द्या. पण चालतोय तोवर माझ्या पायाखालचा तो कागद कुणी काढू नका.