गोजरबाईचा बिगुल

पहिला बार कडूबाच्या छातीत बसला, तेव्हा बायनाबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. कडूबा वेशीत हात वर करून "सरकार, सरकार" म्हणत उभा होता, तो तसाच पालथा पडला. मागून रझाकारांची लॉरी धूळ उडवत आत आली. बायनाबाईच्या हातातलं सूप गळालं.

सून गोजरबाई घरातून बिगुल घेऊनच बाहेर आली.

हा बिगुल म्हणजे बायनाबाईच्या डोक्याला ताप. मुलगा धुळाजी निजामाच्या फौजेत बिगुलवाला. एका सुट्टीत त्यानं फौजेनं टाकून दिलेला, चेपलेला बिगुल बायकोला आणून दिला, आणि बाई चार दिवसांत नवऱ्याहून बरी फुंकायला लागली. गळा तर तिचा आधीपासूनच असा, की तिच्या गाण्यावाचून गावात कोणाला हळद लागत नसे. पण तेवढ्यावर थांबेल तर ती गोजर कसली! कुठं गंजी पेटली, विहिरीत बैल पडला, कोणी बाळंतीण अडली, की ही बिगुल फुंकायची आणि गाव आवाजाच्या दिशेनं पळायचं. कोणी काय आणायचं तेही तिनंच नेमून दिलेलं. रखमाजीनं चऱ्हाट, कासम पिंजाऱ्यानं बाज, बायकांनी भरल्या घागरी. पटकीच्या साथीत त्याच बाजेवरून तिनं अकरा माणसं दवाखान्यात पोचवली होती. "बाईच्या जातीला शोभतं का हे?" असं बायनाबाई रोज बोलायची, आणि बिगुल वाजला की घागर भरून सगळ्यांच्या आधी निघायची.

"फुंक गं!" आता तीच ओरडली. "गाव सावध व्हईल."

"इथं फुंकलं तर समदे इथंच येत्याल, आत्याबाई. मरायला. माझ्या बिगुलाला 'या' म्हनता येतं, 'पळा' म्हनता येत न्हाई."

"मंग घरात चल. धुळाजीचा वर्दीतला फोटू दाखवू त्यांला. त्यांच्याच सरकारची फौज हाय. आपल्याला न्हाई हात लावनार."

"आपल्याला न्हाई लावनार. बाकीच्यांचं काय?" एवढं बोलून गोजरबाई परसातून नदीकडे पळत सुटली.

तिघे जण घरात शिरले. एकानं फोटो हिसकावून पाहिला, हसला, आणि बंदुकीचा दस्ता बायनाबाईच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला. शेजारच्या रामकिसनला त्यांनी गोठ्यात कोंडून छप्पर पेटवलं होतं. तो आधी देवाचं नाव घेत होता, मग आईचं, मग नुसता किंचाळत होता.

तेवढ्यात नदीकडून बिगुल वाजला.

दारं उघडली. घराघरांतून माणसं आवाजाकडे धावली. काही बायकांनी तर पळताना सवयीनं घागरीही उचलल्या. रझाकार जागीच थबकले. "हिंदुस्तान की फौज आयी क्या?" असं एकमेकांना विचारण्यात त्यांचा जो वेळ गेला, त्यात निम्मं गाव वाळूत उतरलं.

घरातले तिघेही बाहेर धावले, तसं कासमनं आत शिरून बायनाबाईला पाठीवर घेतलं. वैशाखातली गोदावरी गुडघाभर होती. मागून आलेली लॉरी वाळूत रुतली, तशी त्यांनी खाली उतरून गोळ्या झाडायला सुरुवात केली. बाजूनं पळणाऱ्या झुंबरबाईच्या मानेतून रक्ताची चिळकांडी उडाली आणि ती पाण्यात बसली ती बसलीच.

नदीच्या मधोमध वाळूचा उंचवटा होता. सगळ्यांना दिसावं म्हणून गोजरबाई त्यावर उभी होती. डावा हात गोळीनं लोंबत होता, उजव्यानं बिगुल तोंडाला धरला होता. लोक तिच्या दोन्ही अंगांनी पलीकडच्या बाभूळबनात घुसत होते.

"चल गं, गोजर!" बायनाबाईनं टाहो फोडला.

गोजरबाईनं तोंडातलं रक्त थुंकलं. "मागं अजून मान्सं हायेत, आत्याबाई."

"पीछे मत देखो, मावशी," कासम म्हणाला आणि पळत राहिला. बाभूळबनातून त्यांना बिगुल ऐकू येत होता. एकदा सूर तुटला, पुन्हा लागला. पुन्हा तुटला, तो मग लागलाच नाही.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई सापडली. तलवारीनं तिचे दोन्ही हात तोडले होते. अंगाखाली बिगुल होता. कासमच्या बाजेवरूनच तिला घरी आणली. त्या दिवशी गावातली नऊ माणसं गेली आणि दोनशे वाचली.

भादव्यात निजामाच्या फौजेनं हत्यारं खाली ठेवली आणि धुळाजी परत आला. बायनाबाईनं बिगुल त्याच्यापुढे ठेवला.

"माझं ऐकलं असतं तर जित्ती ऱ्हायली असती. गाव मेलं असतं, पर ती ऱ्हायली असती. खोटं कशाला बोलू धुळाजी, मला तीच पायजे व्हती."

धुळाजी उठला. बिगुल घेऊन वेशीपाशी गेला आणि तिचं ते बोलावणं त्यानं वाजवलं. बायकोची आठवण म्हणून वाजवलं, दुसरं काही त्याच्या मनात नव्हतं.

जळक्या भिंतींच्या आडून माणसं पळत निघाली. रखमाजीच्या खांद्यावर चऱ्हाट होतं. कासम डोक्यावर बाज घेऊन आला. बायका भरल्या घागरी घेऊन आल्या.

"कुठं?" रखमाजीनं धापा टाकत विचारलं. "कुठं जायचं?"

धुळाजीनं बिगुल खाली घेतला. सगळ्यांच्या मागून बायनाबाई आली. तिच्या धड खांद्यावर घागर होती. ती कधी भरली, तिचं तिलाही कळलं नव्हतं.

"कुठं न्हाई," ती म्हणाली.

कासमनं बाज खाली ठेवली. घागरी मात्र कोणी उतरवल्या नाहीत. बायका तशाच उभ्या राहिल्या.