गार पाण्यात मी वर येतो

मित्रांनो, माझ्या पोटात शिशाचे छर्रे आहेत आणि लांब मानेवर रेघा. मी काचेचा घनतामापी. उमेदीची सगळी वर्षे मी बर्फाच्या एका कारखान्यात काढली. तिथल्या मोठ्या टाकीत खारे पाणी असे आणि त्यात गोड्या पाण्याचे डबे बुडवून बर्फ करत. मीठ पुरेसे असले की खारे पाणी स्वतः गोठत नाही. मीठ जास्त तेवढे पाणी जड, आणि तेवढा मी वर तरंगतो.

माझा जोडीदार होता तापमापी. कारखान्याचे मिस्त्री आम्हा दोघांना मिळूनच विचारत: टाकीतले थोडे पाणी बाहेर काढून, तापमापी बघत ते नेहमीच्या ठरलेल्या तापमानाला आणत, मगच मला त्यात सोडत. पाणी तापले की फुगून हलके होते, मी खाली जातो. गार झाले की ते आक्रसते आणि मी वर येतो, मिठाचा कणही न वाढता. मला पुसून ठेवताना मिस्त्री म्हणत, "हा कधी खोटं बोलत नाही."

पुढे तापमापी फुटला. नवा आणायचे राहूनच गेले. डबे काढताना खारे पाणी सांडे, त्या जागी साधे पाणी भरले जाई. मीठ उतरत चालले होते. मिस्त्री मला थेट गार टाकीत सोडत, आणि मी नेहमीच्या रेघेवर दिसलो की निर्धास्त होत. मी पाण्याचे वजन सांगत होतो. ते त्याला मीठ समजत होते.

मीठ कमी पडल्याने खारे पाणीच गोठू लागले आणि टाकी गार करणाऱ्या वायूच्या नळ्यांवर बर्फ साचला. त्याच्या ताणाने एक सांधा उकलला आणि विषारी वायू सुटला. मिस्त्रींनी आधी सगळ्यांना बाहेर काढले, मग मागे फिरून झडप बंद केली. जीव वाचला, पण छाती कायमची अधू झाली.

त्यांच्या जागी त्यांची लेक कामाला लागली. या काचेनेच घात केला, फेकून द्या, असे लोक तिला सांगत होते. ती मला घरी घेऊन गेली. एकाच बरणीतले खारे पाणी तिने दोन उंच पेल्यांत ओतले, एक गार केला, एक कोमट. मला आधी एकात सोडले, मग दुसऱ्यात. गार पेल्यात मी वर आलो, कोमट पेल्यात खाली गेलो; मिस्त्रींनी वाकून दोन्ही रेघा पाहिल्या.

"मीठ दोन्हीत तेवढंच?"

"तेवढंच, बाबा."

"मग याला नको टाकूस," ते धापा टाकत म्हणाले. "मी त्याला अर्धंच विचारत होतो."

मित्रांनो, आम्हाला धुऊन, पुसून, जपून ठेवा. पण आमचा जोडीदार फुटला, तर त्या दिवशी आमच्यावर विसंबू नका. आधी त्याच्या जागी दुसरा आणा. टाकीपाशी कुणाचा तरी बाप उभा असतो.